निळ्या झाकणाचा डबा

ब्रेमेन, १८ ऑक्टोबर २०२४

ती. मम्मीस,
ब्रेंडाचा सा. न. वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे कागदावर लिहिते आहे. फोनवर तू आवाजावरून सगळं ओळखतेस आणि मग दोघी रडत बसतो, त्यापेक्षा हे बरं.

कॉलेजनं मला उर्सुलाबाई आणि युर्गनकाकांच्या घरी ठेवलंय. दोघंही सत्तरीची. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की नाताळापर्यंत बघू. जमलं तर शिक्षणाची दोन्ही वर्षं राहा, नाही तर दुसरं घर शोध. मला इथंच राहायचंय. खिडकीतून नदी दिसते आणि काका तुझ्यासारखेच दिवसभर बेसूर गुणगुणतात.

परवा भुकेनं कावलेली घरी आले, तर दाराशी निळ्या झाकणाच्या काचेच्या डब्यात बटाट्याचं सूप. आता मालवणची मुलगी डबा रिकामा परत करील का? दुसऱ्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ भरून दिली. बाई डब्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

लोभ आहे तेवढा असू दे, ओरडा कमी कर.
तुझी ब्रेंडा

मालवण, ४ नोव्हेंबर २०२४

चि. ब्रेंडास,
मम्मीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

शाबास गो बाय. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, पण घरातलं पोर शिकलं की नाही ते आज कळलं.

शेजारच्या मथुराकाकीची आणि आपली ताटली वीस वर्षं ये-जा करतेय. मूळची कोणाची ते आता दोघींनाही आठवत नाही. पप्पा गेले त्या आठवड्यातसुद्धा ती थांबली नाही. म्हणून सांगते, अभ्यासात वेळ नसला तर चमचाभर साखर घाल, पण डबा रिकामा देऊ नकोस. या बर्नादेत बाईच्या मुलीला रीत नाही, असं जर्मनीत कोणी म्हणायला नको.

सॉक्स घालून झोप. माझा लोभ टपालानं येतो म्हणून उशीर होतो, एवढंच.
तुझी मम्मी

ब्रेमेन, २२ नोव्हेंबर २०२४

ती. मम्मीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या रितीनं माझी वाट लावली. डबा सात वेळा गेला नि सात वेळा आला. सूप गेलं की घावणे, केक आला की आंबोळ्या. काकांचा पट्टा एक भोक पुढे सरकला आणि बाईंचा चेहरा दर वेळी आणखी उतरत गेला.

गुरुवारी परीक्षा होती, म्हणून तुझी चमचाभर साखर घातली. बाईंना वाटलं, मी डबा नीट धुतलाच नाही. त्यांनी माझ्यासमोर तो धुतला, पुसला आणि भांडं कसं घासायचं ते मला दाखवलं.

मग समोर बसवून विचारलं, की तुला हे घर आवडत नाही का? त्यांच्या मते, ज्याला आपलं काही नको असतं तोच दिलेल्याची लगेच परतफेड करतो. त्यांनी सूप घरच्या पोरीला दिलं होतं, आणि मी दर वेळी परक्यासारखी वागले. नाताळानंतर हवं तर खुशाल दुसरं घर बघ, म्हणाल्या. मला रडू आलं की जर्मन शब्द पळून जातात, त्यामुळे काही सांगताच आलं नाही.

मम्मी, मला इथून जायचं नाहीये. डबा पुन्हा माझ्या टेबलावर आलाय. काय करू ते लवकर कळव.

लोभाबरोबर थोडी अक्कलही पाठव.
ब्रेंडा

मालवण, ८ डिसेंबर २०२४

चि. ब्रेंडास,
अनेक आशीर्वाद.

मथुराकाकीचा दीपेश तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला हॅम्बुर्गला निघालाय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि स्टीलच्या डब्यातून नाताळचं नारळ-गुळाचं दोदोल पाठवतेय.

तुझं पत्र वाचून मी आधी त्या बाईवर चिडले. मथुराकाकीला वाचून दाखवलं, तर ती उलट माझ्यावरच हसली. तिचं म्हणणं, ताटली भरून जाते ती शेजारी. घरातल्या घरात कोण भरून देतं?

शाळेतली मराठी आता बाजूला ठेवतंय. गो बाय, तुझो डबो शाळेतसून रिकामो इलो काय माका बरां वाटायचां. भाजी उरली तर दिवसभर जीव खाली-वर. तू कधी माका डबो भरून दिलंस? माझां चुकलां. त्या बायेक डबो रिकामो दी.

लिहिताना थोडं दुखलं, तेही सांगून टाकते. पण तू दे. लोभ वाटून कमी होत नाही, असं म्हणतात, बघू.
तुझी मम्मी

ब्रेमेन, २७ डिसेंबर २०२४

ती. मम्मीस,
सा. न. वि. वि.

डबा धुतला, पुसला आणि रिकामा नेऊन दिला. तोंडातून एवढंच निघालं, की मला भूक लागलीय. बाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि मला एवढ्या जोरात मिठी मारली की डबा पडता पडता वाचला.

मी दोन वर्षं इथंच राहणार. दारावरच्या घंटेजवळ त्यांच्या नावांखाली माझं नाव लागलंय. उसळ बंद झाली म्हणून काका रुसले होते, तेव्हा आता दर शनिवारी घरच्याच पातेल्यात करते.

दोदोल नाताळच्या दिवशीच संपलं. तुझा स्टीलचा डबा दीपेशबरोबर परत पाठवतेय. त्यात चॉकलेटं भरली होती, मग सगळी काढून मथुराकाकीसाठी वेगळ्या पिशवीत घातली.

तुझा डबा रिकामा आहे. उघडून बघ.

तुझीच,
ब्रेंडा