जुना कर्नल कुणी पुसला

सर,

बावीस ऑक्टोबर, सोमवार, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. सुर्ल्याच्या खाणीवर, वजनकाट्याच्या खोलीत मी काटा चालवणाऱ्या सर्व्हरचं बटण दाबलं आणि पडद्यावर चार ओळी येऊन थांबल्या. डिस्क सापडत नाही, म्हणे. आदल्या दिवशी दसरा. तुम्ही मशीन बंद करून त्याला झेंडूची माळ घातली होती, कुंकू लावलं होतं. नवा कर्नल मी आठवड्यापूर्वीच बसवला होता, पण मशीन कधी बंदच होत नसल्यामुळे ते जुन्यावरच चालत राहिलं. नव्यावर उठायची त्याची ही पहिलीच सकाळ.

कर्नल हा मशीनचा मूळ प्रोग्राम, तो सगळ्यांच्या आधी उठतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. नवा आणला तरी जुन्याला हाकलायचं नाही, नवा अडला की जुन्याला हाक मारता आली पाहिजे, हेही तुमचंच. मी कर्नलांची यादी उघडली. जुना नव्हता. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही माळेतलं सुकलेलं फूल खुडत म्हणता, "दसऱ्याची साफसफाई केली गो. जुनें कित्याक दवरपाचें?" जुनं ठेवायचं कशाला, असा तुमचा सवाल. आणि माझा चेहरा बघून धीर देता, "भिवं नाका, हांव आसां मगे."

बाहेर ट्रकांची रांग लागली होती. सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर रोज खिडकीशी येऊन माझी थट्टा करायचा. "बाय, तुमचो कंप्युटर दसऱ्याचो जेवान निजलो काय?" मी म्हटलं, "तुमच्यासारखा नाही तो, कामाच्या वेळी निजत नाही." तो हसत गाडीवर चढला. त्याचं हसणं मला अजून ऐकू येतं, आणि माझं ते शहाणपणाचं उत्तरही.

आपण केबल काढून घातल्या, डिस्क दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. आठ वाजता मॅनेजरचा फोन आला. तुम्ही तीनदा "हय, हय" म्हणालात आणि वजन न करता गाड्या सोडायला लावल्यात. जादा भरलेली गाडी आपण काट्यावरून परत पाठवायचो. त्या दिवशी काटा कुणाला अडवणार? उतारावरच्या वळणाला त्या ड्रायव्हरची गाडी थांबली नाही. डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

तुम्ही मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून अहवाल लिहिलात. तो मी दुसऱ्या दिवशी वाचला. "सदर कर्मचारी महिलेने जुना कर्नल परवानगीविना पुसला." सदर कर्मचारी महिला! पाच वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी "बाये" होते. पुसलात तुम्ही. तो पाय माझ्या नावावर लिहिलात. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या साहेबानं माझी फाईल उघडली की तेच वाक्य आधी वाचलं. तुम्ही अपघातानंतर दोन वर्षांनी गेलात. तुमच्या अंत्ययात्रेला मी तुमच्या गावी, धारगळपर्यंत आले आणि शेवटच्या रांगेत उभी राहिले. लोक म्हणत होते, देवमाणूस. मी एक शब्द बोलले नाही. ते दुःखामुळे, असं लोकांना वाटलं.

मी गप्प का राहिले ते आता लिहिते. तुम्ही केबिनमध्ये होता तेव्हा मी तुमच्या कपाटातली सीडी लावून मशीन उठवलं आणि डिस्क उघडून पाहिली. नव्या कर्नलला डिस्क ओळखायला जी छोटी फाईल सोबत लागते, ती तिथं नव्हतीच. ती बनवायची कमांड कर्नल बसवताना मीच द्यायची होती. मी विसरले होते. मी ती दिली, आणि दीड वाजता सर्व्हर नीट उठला. तुम्ही धावत येऊन विचारलंत, "काय जालें गो?" मी म्हटलं, "काय माहीत, आपोआप उठला."

चौकशी मागितली असती तर तुमचं खोटं उघडं पडलं असतं, आणि माझंही. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर शनिवारी ख्रिस्ती मुलींना पापांच्या कबुलीसाठी रांगेत उभं करायच्या, तेव्हा मी हिंदू म्हणून बाकावर बसून राहायची. ती सवय बरी नव्हती.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. तरीही जुना कर्नल तुम्ही पुसलात, एवढं एक वाक्य मला लेखी हवं आहे, तुमच्या अक्षरात, येत्या तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. तोवर माझ्या या कबुलीवर मी सही करणार नाही.