याओचा खोकला आणि डोत्से मास्तरांचा डबा

एन्योनामताईस,

केट्याहून एलिकेमचा वाकून नमस्कार. पत्र लिहितो लिहितो म्हणून सांगितलं त्याला आता इतके दिवस झालेत की, ते मोजायला बसलो तर आजही पत्र राहून जाईल. काका गेले तेव्हा ‘सगळं सविस्तर लिहून कळवतो’ असं मीच फोनवर म्हणालो होतो. पण कागद मिळाला तर पेन नाही, पेन मिळालं तर किनाऱ्यावर जाळं ओढायला माणसं कमी, आणि एकदा दोर हातात आला की तो सोडून पत्र लिहायला जाणारा माणूस केट्यात अजून जन्मला नाही. तुझी तब्येत कशी आहे? बाळ रांगतं की चालतं? विंडहूकला म्हणे थंडी असते, त्याला टोपी घालत जा. (हे माझं मत आहे. तुझ्या आईच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या मते टोपीने मुलं रागीट होतात.) जावईबुवांना नमस्कार सांग. आत्या बरी आहे, गुडघा तिचा तिच्याच मर्जीने दुखतो आणि थांबतो. मी इथे दोन आठवड्यांसाठी आलो होतो आणि अजून आहे, हे तुला कळलंच असेल.

हे सगळं फोनवर का सांगत नाही म्हणशील, तर तुझा फोन आला की आत्या तो टेबलावर मधोमध ठेवते आणि आवाज मोठा करायला लावते. मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही. विसेन्शियामावशीचा भाऊ दोन दिवसांनी तुमच्याकडे यायला निघतोय, त्याच्या खिशात हे पत्र घालून देतो. तो विसराळू आहे, तेव्हा त्याचे सगळे खिसे तपास.

तर विषय तुझ्या बाबांच्या, म्हणजे गावाच्या डोत्से मास्तरांच्या डब्याचा. चर्चच्या गायकवृंदाच्या तालमी, लग्नं, नाताळ, इतक्या वर्षांचं सगळं गाणं काकांनी ज्यात भरून ठेवलं, तो संगणकाचा काळा डबा. त्यात चार डिस्क आहेत. काकांनी मला तो एकदा समजावला होता, आणि मला शाळेत काहीच समजलं नसलं तरी हे समजलं: चार गाणारे आहेत, प्रत्येकाला आपापला भाग पाठ, वर बाकीच्यांच्या भागाचाही थोडा थोडा. एक आजारी पडला तर उरलेले तिघं मिळून त्याचं गाणं उभं करतात. दोघं पडले तर मात्र तालीम संपली, घरी जा. आणि नवीन डिस्क आली की काका तिला लगेच आत घ्यायचे नाहीत. आपल्याकडे बाळाला आठव्या दिवशी बाहेर आणून नाव ठेवतात ना, तोवर ते नुसतं पाहुणं, राहायला आलंय की परत जायला ते कळत नाही, तसंच. आठ दिवस डिस्क वेगळी चालवायची, तिच्यावर नाही नाही ते लिहायचं आणि पुसायचं. टिकली तर ती ज्या वारी पहिल्यांदा सुरू झाली, त्या वारी जन्मलेल्या मुलाला आपल्याकडे जे नाव ठेवतात ते खडूने तिच्यावर लिहायचं. अशी ती चौघं: कोजो, आब्ला, याओ आणि आमा. आम्हा सगळ्यांना काकांच्या या प्रकाराचं हसू यायचं. आमच्यात तूही होतीस.

शेवटच्या महिन्यांत काका त्या मागच्या खोलीत दार लावून बसायचे आणि काहीतरी बोलून डब्यात ठेवायचे. आत्याला एवढंच म्हणाले, “एन्योनाम आली की दोघी मिळून ऐका.” मग ते गेले, आणि बाळ पोटात म्हणून तुला तर तेव्हा डॉक्टर पलंगावरून उठू देत नव्हते. तेव्हापासून आत्याने ते ऐकलेलं नाही. मी म्हटलं, थोडंसं लावू का, फक्त आवाज बरोबर आहे का बघायला? ती म्हणाली, “घरची मुलगी बाजूला आणि पहिला तू ऐकणार? तुझे कान आधी साबणाने धुऊन ये.” (कान धुतले होते.)

आत्याने काय केलं, तर वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी तो जवळ असावा म्हणून डबा मागच्या खोलीतून उचलून दिवाणखान्यात आणला. काकांच्या फोटोखाली, समुद्राकडच्या खिडकीशी, आणि वर तिने स्वतः विणलेला पांढरा रुमाल. रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसते. डब्याचा दिवा लुकलुकतो आणि ती मटारासारख्या बारीक आवाजात त्याच्याशी गायकवृंदाची भांडणं बोलते. मटाराचा आवाज कसा असतो ते विचारू नकोस, लिहून गेलो.

आणि एका संध्याकाळी डबा टकटक करायला लागला. आत्याने त्याच्यावर हात ठेवून सांगितलं की ताप आहे आणि खोकला आहे. मी म्हटलं, सोड, हे माझं काम आहे. (लोमेला मी मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर होतो, तुला माहीत आहे. तिथे मी मुख्यतः चहा आणायचो हे तुला माहीत नाही.) कोण खोकतंय ते कळावं म्हणून मी आक्प्लेचं पीठ घाटायचा लाकडी दांडा घेतला, एक टोक डिस्कला, दुसरं कानाला. चारही डिस्क खोकत होत्या, कारण पत्र्यातून एकाचा आवाज चौघांत जातो. तेवढ्यात विसेन्शियामावशी आली. तीस वर्षं दुसऱ्या सुरात गायलेली बाई, तिने दांडा माझ्या हातातून ओढून घेतला आणि डोळे मिटून ऐकलं. “हा तिसरा,” म्हणाली, “हा ताल चुकतोय. बाकीचे याला सांभाळून घेताहेत.” तिसरा म्हणजे याओ.

पण डब्याला स्वतःचा अहवाल विचारला तर तो सांगे, दोघं आजारी आहेत, याओ आणि आब्ला. दोघं म्हणजे काय, ते तुला वर लिहिलंय. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं, म्हणजे घाई. डबा चालू असतानाच आब्लाला बाहेर ओढलं. दिवे लाल झाले, आणि डब्याने सांगितलं की आता त्याला काहीच आठवत नाही. आत्या खुर्चीवर बसली. रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. ताई, तिने मला दांड्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी आब्लाला हातात घेऊन खिडकीपाशी उजेडात गेलो, खरं म्हणजे आत्याकडे पाठ करायला. तेव्हा दिसलं. जिथून तिला वीज आणि निरोप मिळतात, ती पितळेसारखी दातरी, तिच्यावर पांढुरकी हिरवी बुरशी चढलेली. बुरशी कसली, मीठ. समुद्राकडची खिडकी. खारा वारा सगळे महिने डब्यात शिरत होता आणि आब्ला त्या खिडकीच्या बाजूला होती. तिचं पोट ठणठणीत होतं, फक्त तिचं बोलणं बाहेर पोचत नव्हतं. काका इतकी वर्षं डबा मागे खाडीकडे का ठेवत होते ते मला तेव्हा कळलं. आत्यालाही कळलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. डबा बंद केला, शाळेतल्या खोडरबराने दातरी हळूहळू घासली, आणि मग आत्याने कपाटामागची बाटली काढून दिली. (चर्चवाल्या घरात ती बाटली कशी, हे तू विचारू नकोस, मीही विचारलं नाही.) कापसाच्या बोळ्यावर चार थेंब, पुसलं, दिवसभर वाळवलं. आत्याने थेंबभर जमिनीवरही सांडली, गेलेल्यांना देतात तशी, पण बूच निसटलं म्हणून असं म्हणाली. आब्ला बोलायला लागली. चौघांना परत सगळं आठवायला लागलं. आत्या फक्त म्हणाली, “ती लहानपणापासून गप्पच होती. गप्प मुलांना लोक आजारी समजतात.” आणि त्याच दिवशी डबा उचलून मागच्या खोलीत नेला, रुमालाशिवाय.

याओ मात्र खरंच चालला होता. मी लोमेला जाऊन माझ्या जुन्या मालकाकडून एक वापरलेली डिस्क आणली आणि आल्या आल्या याओच्या जागी बसवायला निघालो. आत्या दारात आडवी. “आठ दिवस.” मी म्हटलं, आत्या, याओ आठ दिवस काढेल का? “तो नाही काढणार तर तिघं काढतील. पण ज्याला नाव नाही त्याच्यापुढे मी माझ्या माणसाचा आवाज ठेवणार नाही.” मी तिला खूप हसलो, चिडलोसुद्धा. शेवटी पाहुण्याला काकांच्या जुन्या संगणकात वेगळं चालवत ठेवलं. आत्या येताजाता त्याला विचारायची, बाबा रे, राहणार आहेस ना? सहाव्या दिवशी तो एकदा करकरला आणि गेला. आत बसवला असता तर तिघांनी कष्ट करून त्याला सगळं शिकवलं असतं, म्हातारपणी तासन् तास दमले असते, आणि तो असा निघून गेला असता. आत्या म्हणाली, नाव नव्हतं, रडायचं नाही. पण त्या दिवशी तिचा मक्याच्या पिठाचा अबोलो खाली लागला, आणि तिचा अबोलो कधी लागत नाही हे तुला मी काय सांगणार.

आता डबा बंद आहे. याओला बाहेर काढून फडक्यात गुंडाळून ठेवलाय, उरलेली तिघं शांत झोपलीत. तुझी आठवण सगळे काढतात. घाई अजिबात नाही. तुझ्या सवडीने ये. बाळाला पापा.

तुझा,
एलिकेम

ता. क. तिकडे चांगली नवी डिस्क मिळत असेल तर विसेन्शियामावशीच्या भावाकडे परतताना दे. याओएवढी हवी. त्याला सांग की औषध आहे, म्हणजे सांभाळून आणेल.

ता. क. दुसरं. डिस्कचं राहू दे, घाई नाही हे मी खोटं लिहिलं. ही तिघंही याओच्याच वयाची आहेत. किती वेळा उठतील मला ठाऊक नाही, एकदा नक्की उठतील, दोनदा असं मी लिहून देणार नाही. आवाज दुसऱ्या कशात उतरवून घ्यायलाही आत्या देत नाही, त्याला नाव नाही म्हणते. आत्याने मला सांगितलंय, तिला कळवू नकोस, तिच्या कडेवर लहान मूल आहे, आवाज काय, वाट बघेल. आणि रोज सकाळी मागच्या खोलीच्या दारात उभी राहते, आत जात नाही. तू फोनवर ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतेस तेव्हा ती ‘हो गं, सावकाश’ म्हणते आणि मग सगळा दिवस कुणाशी बोलत नाही. डिस्क आणू नकोस, तू ये.

ता. क. तिसरं. मी तुझ्या खोलीत राहतो. तुझा आरसा आधीपासून तडकलेला होता असं मी आत्याला सांगितलंय, तेव्हा तूही तसंच सांग.

ता. क. चौथं. कुणीतरी फाटकाशी टॅक्सीवाल्याशी वाद घालतंय, की पेटी छपरावर बांधली तेव्हा दोरी नवी होती, आता जुनी कशी. पाठीला मूल बांधलंय. मुलाला टोपी नाही. मी खिडकीतून नीट बघितलं ताई, ती तू आहेस. आत्या मागे चुलीपाशी आहे, तिला काहीच ऐकू गेलेलं नाही, आणि मी अजून सांगितलेलं नाही. फाटकाला कुलूप नाही, कडी नुसती अडकवलीय, ढकल आणि आत ये. मी मागच्या खोलीत जातो. तिघांना उठायला थोडा वेळ लागतो.