सेन्सरवरची चिकटपट्टी

मंगळवार, संध्याकाळ. निघोजे.

गेमवाल्यांनी माझा आयडी कायमचा बंद केला. आपोआप नेम साधणारं हॅक वापरलं, सापडलो. तीन वर्षं पाण्यात. रूममेट दत्ताला म्हटलं, "एवढ्यासाठी कायमचं?"

"बरोबरच केलं राव. नीट खेळणारे काय येडे आहेत?" डाव्या हाताने चहा ओतत तो म्हणाला. उजव्या हाताची दोन बोटं उन्हाळ्यात आमच्या कंपनीत प्रेस मशीनखाली गेली.

हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो. प्रेस थांबू नये, टार्गेट उरकावं म्हणून सगळेच त्यावर चिकटपट्टी लावतात. त्या दिवशीची पट्टी माझी होती. चौकशीआधी काढलीही मीच. दत्ता अजून म्हणतो, सेन्सर खराब होता.

गेमने दोन दिवसांत पकडलं. इथे कोण पकडणार मला?

आज सांगणारच होतो. तोंडातून निघालं एवढंच, "आण, चहा मी ओततो."