केस भाच्याने कापले, भोगतोय मामा

ती. ताईस,

धाकट्या तेमिंगचा साष्टांग नमस्कार. दरवर्षी हा नमस्कार मी नुसताच कागदावर घालत आलो, या खेपेला मात्र तो खरोखर घातलेला आहे. परवापासून कंबर धरल्यामुळे मी पलंगावर पालथा पडून आहे आणि या स्थितीत माणसाकडून दुसरं काही घडूही शकत नाही. तुझे गुडघे सुचौच्या ओल्या हवेत कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का, की अजून ते खोकल्यानेच प्रश्नांची उत्तरं देतात? माझ्या प्रकृतीची चौकशी तू करणार नाहीस, म्हणून ती मीच सांगतो. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधे बोलतेस. हे पत्र तुला शेवटपर्यंत गप्प राहूनच वाचावं लागेल.

विषय तुझ्या चिरंजीवांचा आहे. यीचोऊला नोकरी आमच्या शानतुंगातल्या चिंगचोऊमध्ये लागली तेव्हा तू मला म्हणालीस, "तेमिंग, पोराकडे लक्ष दे." मी दिलं. पण लक्ष पोटात काय जातं याकडे दिलं, डोक्यावरून काय उतरतं याकडे दिलं नाही. इथल्या शेंगांच्या बागायतीच्या कचेरीत वेनछी म्हणून एक मुलगी आहे (चेहऱ्याने चांगली, आवाजाने त्याहून चांगली, आणि यीचोऊपेक्षा हुशार, म्हणजे तशी बरीच माणसं आहेत). दोघांचं ठरलं. चांद्र नववर्षाची सुट्टी संपवून यीचोऊ तुझ्याकडून परत आला आणि तिच्या घरी पहिल्यांदा जायचं म्हणून साहेब नीटनेटके होऊन निघाले. नीटनेटके म्हणजे मान, कान, सगळं मोकळं, ताजे कापलेले केस! पहिल्या महिन्यात!

ताई, तू शानतुंगची लेक आहेस. पहिल्या महिन्यात केस कापले की मामा मरतो, हे तू पोराला एकदाही सांगितलं नाहीस? सुचौला असलं काही मानत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण तू सुचौला गेलीस म्हणून मी मेलो काय आणि जगलो काय, तुला सारखंच झालं का? मी स्वतः या गोष्टीवर काडीचा विश्वास ठेवत नाही. आयुष्यभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. कात्री आणि मामा यांच्यामध्ये कोणतंही बल काम करत नाही, हे मी फळ्यावर आकृती काढून सिद्ध करीन. पण वेनछीचे आजोबा फळ्यासमोर बसणाऱ्यांपैकी नाहीत.

थान आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. घरातला शब्द त्यांचाच चालतो. त्यांनी यीचोऊला दारातच थांबवलं, डोक्याकडे बघितलं आणि विचारलं, "पोरा, तुला मामा नाही का?"

आपले चिरंजीव हसून म्हणाले, "आहेत की! इथंच राहतात."

"आहेत अजून?"

"सकाळपर्यंत होते."

हे उत्तर देणाऱ्या माणसाला तू इंजिनिअर केलंस. थान आजोबांनी चहा दिला, पण त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. नंतर वेनछीने निरोप आणला. आजोबांचं म्हणणं, जो मुलगा आईच्या भावाची पर्वा करत नाही तो उद्या बायकोच्या माणसांची काय करणार? तरी एक संधी देतो. दुसऱ्या महिन्याच्या द्वितीयेला, ड्रॅगन डोकं वर काढतो त्या दिवशी, मामांना जेवायला घेऊन ये. मामा धडधाकट आहेत हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघीन, मग पुढचं बघू. म्हणजे तुझ्या मुलाचं लग्न माझ्या तब्येतीवर येऊन ठेपलं. यीचोऊ माझ्यासमोर रडवेला होऊन बसला. म्हणाला, "मामा, फक्त एक दिवस. एक दिवस ठणठणीत राहा. मग काय व्हायचं ते होऊ दे." (हे त्याचे शब्द जसेच्या तसे. 'मग काय व्हायचं ते होऊ दे'!)

खरं सांगतो, पोराला तसं बघून मला वाईट वाटलं. मी हो म्हणालो. मला फक्त उभं राहायचं होतं, चालायचं होतं, जेवायचं होतं. हे मी रोज करतो आणि रोज मला ते जमतं.

द्वितीयेच्या सकाळी उजाडायच्या आत शेजारच्या मिआओ काकू काठीने छताची तुळई बडवू लागल्या. विंचू पळून जावेत म्हणून. गेल्या कित्येक वर्षांत या चाळीसारख्या अंगणात कुणाला विंचू दिसलेला नाही, आणि त्यामुळेच काकूंचा काठीवरचा विश्वास वाढत चालला आहे. मी ओरडायला बाहेर आलो. बाहेर काकूंनी अंगणभर राखेची मोठमोठी कडी काढून ठेवली होती, प्रत्येक कड्याच्या मधोमध विटेखाली एकेक धान्य, वर्षभर कोठार भरलेलं राहावं म्हणून. आई काढायची तशीच. माझा पाय बरोब्बर राखेवर पडला, मी सटकलो, आणि काकूंच्या गव्हाच्या कोठारावर बसलो.

पडलेल्या माणसाला कुणी उठवतं, निदान कुठं लागलं ते विचारतं. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, बसलात ते बसलात, गव्हावर बसलात! ज्वारीवर बसायला काय झालं होतं?" मी म्हटलं, काकू, माझी कंबर गेली. तर म्हणाल्या, "तुमची कंबर एकट्याची. गहू आमच्या घरादाराचा."

उठताना एक आवाज आला. तो कंबरेचा नव्हता, पँटचा होता. पाठीमागे, जिथे उसवल्यावर माणूस समाजात वावरू शकत नाही, तिथे. आणि मला ही एकच बरी पँट. मी काकूंना म्हटलं, दोन टाके घालून द्या. काकूंनी असं पाहिलं, जणू मी त्यांच्याकडे खून करायला सुरा मागतोय. द्वितीयेला सुई धरली तर ती ड्रॅगनच्या डोळ्यात जाते म्हणे. मी अंगणातल्या प्रत्येक दारात गेलो (भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा). एकीनेही सुईला हात लावला नाही. एका सूनबाईने तर "गुरुजी, लांब कोट घाला की!" असा सल्ला दिला आणि हसू लपवायला दार लावून घेतलं. ड्रॅगनच्या डोळ्याची एवढी काळजी, आणि माझ्या अब्रूची कुणाला फिकीर नाही. शेवटी यीचोऊने खोक्यांना लावायची चिकटपट्टी लावली. चालताना तिचा आवाज येत होता.

आता तुझ्याकडे येतो. तू पोराबरोबर पाठवलेल्या त्या तुमच्या सुचौच्या कंबरवड्या! चिकट तांदळाच्या, नववर्षाच्या उरलेल्या, द्वितीयेला तेलात तळून खाल्ल्या की वर्षभर कंबर ताठ राहते म्हणतात त्या. यीचोऊला वाटलं, हीच वेळ. त्याने अर्ध्या वड्या तळून माझ्यासमोर ठेवल्या आणि मी त्या खाल्ल्या. ताई, त्या वडीने कंबर ताठ होत नाही. पण डाव्या बाजूची जी दाढ मी गेली काही वर्षं सांभाळून, समजूत घालून, राखत आलो होतो, तिला ती वडी अशी चिकटली की दाढ हलू लागली. कंबर होती तशीच राहिली. वाकडी.

अशा अवस्थेत मी थानांच्या घरी पोहोचलो: लांब कोट, खाली चिकटपट्टी, वर हलती दाढ, आणि मधोमध कंबर. यीचोऊच्या डोक्यावर मी लोकरी टोपी घातली होती. थान आजोबा दारातच उभे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी तुला सांगतो, मी त्या दारात सरळ उभा राहिलो. कसा राहिलो ते विचारू नकोस. डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण मी हसत म्हणालो, "नमस्कार. काय सुंदर हवा पडलीय!"

आजोबा म्हणाले, "मामांचे केस बरेच वाढलेत."

मी म्हटलं, मास्तरांची पद्धत असते ती.

मग जेवण. तुला माहीतच आहे, त्या दिवशी शेवया म्हणजे ड्रॅगनच्या मिशा, पातळ पोळ्या म्हणजे त्याचे खवले, आणि उकडीच्या करंज्या म्हणजे कान. एवढं सगळं उपटून खाल्ल्यावर तो बिचारा डोकं कशाच्या जोरावर वर काढतो, हे मी भौतिकशास्त्राचा शिक्षक असूनही सांगू शकत नाही. डुकराच्या मुंडीचं मटण मऊ होतं, ते मी उजव्या बाजूने निभावलं. वेनछी माझ्या ताटात गुपचूप मऊ मऊ तुकडे टाकत होती. (पोरगी चांगली आहे, ताई. मी तोंडाने काही बोललो नव्हतो.) बसताना, उठताना, पुन्हा बसताना मी एकदाही हुं की चूं केलं नाही. आता सुटलो असं वाटत होतं, तेवढ्यात आजोबांनी एक वाडगा पुढे सरकवला. भाजलेले सोयाबीन! साखरेत घोळवलेले, विंचू चावू नये म्हणून खायचे ते.

"घ्या मामा," म्हणाले. "धडधाकट माणसाला यात काय आहे?"

ताई, रेल्वेच्या रुळाखाली जी खडी घालतात, ती या माणसाने घरी आणून साखरेत घोळवली असावी. यीचोऊ माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा अगदी लहानपणी तो तापात पडला होता ना, तसा झाला होता. मी मूठभर दाणे तोंडात टाकले. कडकन आवाज झाला. तो दाण्याचा नव्हता. मी हसत हसत सगळं गिळलं. दाढसुद्धा.

आजोबांनी वाडगा हळूच मागे ओढला आणि म्हणाले, "पुरे मामा." मग त्यांनी निकाल दिला, तोच कळवायला हे पत्र आहे. आज सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात, म्हणाले. या मुलाची आई कुठे आहे? मुलाची आई माहेरी येईपर्यंत, आणि माहेरच्या माणसाने तिला रीतसर जाऊन आणेपर्यंत, लग्नाची बोलणी होणार नाहीत. यीचोऊ टोपीत घुसला.

तेव्हा आता तुझ्या मुलाचं सगळं तुझ्या हातात आहे. माझ्याकडून जे पडायचं, मोडायचं आणि उसवायचं होतं ते झालेलं आहे. तू काय ते ठरव आणि कळव. दाजींना नमस्कार, तोही पालथाच.

तुझा, कंबरेतून गेलेला पण केवळ तुझ्या मुलाच्या कृपेने अजून हयात असलेला भाऊ,
तेमिंग

ता. क. उरलेल्या अर्ध्या वड्या काल संपल्या. कंबर जरा बरी वाटते. हा वड्यांचा परिणाम असल्याचा कोणताही पुरावा नाही. आणखी असतील तर पाठव.

ता. क. दुसरा. थान आजोबा केसांबद्दल बोलले तेव्हा मी मास्तरांची पद्धत म्हणालो, ते फारसं खरं नाही. आपला गावचा मामा, ज्याने आईचा लोखंडी तवा उचलून नेला आणि ज्याच्याशी मी तेव्हापासून बोलत नाही, तो अजून आहे. मी या गोष्टी मानत नाही हे तुला माहीत आहे. पण पूर्ण पहिला महिना न्हाव्याच्या दुकानावरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचो. काल पलंगावरच न्हाव्याला बोलावून केस कापून घेतले. गावच्या म्हाताऱ्याला यातलं काही सांगू नकोस.

ता. क. तिसरा. हे लिहिणार नव्हतो, पण यीचोऊच्या पोटात काही राहत नाही, तो फोनवर सांगेलच. ती अट थान आजोबांची नाही. त्यांनी दाढ मोडल्याचा आवाज ऐकला, वाडगा मागे ओढला आणि म्हणाले, "ज्या मुलाचा मामा त्याच्यासाठी एवढं खातो, त्याला मी नाही म्हणणार नाही." लग्न ठरलं आहे. मग त्यांनी सहज विचारलं, मुलाची आई कुठंय, आज तरी यायची होती माहेरी. मी ताटातली शेवटची शेवई उजव्या बाजूने चावू लागलो. आई होती तोवर दर द्वितीयेला तिने मला गाडीत घालून तुला आणायला पाठवलं. ती गेल्यावर मी म्हणत राहिलो, रस्ता माहीत आहे, येईल तिची ती. तू म्हणत राहिलीस, आणायला कुणी आलं तर जाईन. हट्टात दोघंही आईच्याच वळणावर गेलोत. अट माझी आहे. घर फार शांत असतं, ताई.

द्वितीया होऊन गेली हे खरं, पण ड्रॅगन काही डोकं वर काढल्या काढल्या परत खाली घालत नसेल. कंबर सरळ झाली की मी पहिल्या गाडीने तुला आणायला येतो. पिशवी भरून ठेव. आणि सुईदोरा आण. मिआओ काकू कालपासून मागे लागल्या आहेत, पँट आणा, आता टाके घालून देते म्हणून. मी दिलेली नाही. ती तुझ्यासाठी ठेवली आहे.