पकडणारे सरले तर

आई, काल तुझ्या नातीचे, भाऊच्या पोरीचे, डोळे पिवळे झाले आणि भाऊ कावीळ उतरवणारी माळ आणायला निघाला, म्हणून लिहिते आहे. मी त्याला दारातच अडवलं.

तुझ्या डोक्यावरची माळ मला अजून दिसते. ऐंशीनंतरची कुठलीशी धानाची रोवणी, मूल गावाजवळचं आपलं घर. हळद-तेल सोडून तू नुसती पेज पितेस, दुखरे गुडघे आवळून बसतेस. गाठी सैल होत माळ गळ्याशी उतरते. तू म्हणतेस, "कंबरेपर्यंत आली का करदोडा करीन." चंद्रपूरच्या कॉलेजातून आलेली मी हसत नाही. मी तुला धडा देते. तुझ्या तांबड्या पेशीच फुटतात, त्यातलं लोह बाळगणारं हिमोग्लोबिन रक्तात सांडतं. मोकळं लोह प्राणवायूला भडकवतं आणि तो रक्तवाहिन्यांच्या पेशी जाळतो. म्हणून रक्तात काही प्रथिनं फिरत असतात. ती सांडलेलं धरतात, यकृताकडे नेतात आणि तिथं त्याच्यासोबत स्वतःही संपतात.

तू पेजेची वाटी खाली ठेवलीस. "मंग पकडनारे सरले त वो?"

"नवे तयार होतात," मी म्हणाले आणि एसटीला निघाले. तुझ्यासारख्यांत ते तयार होण्याआधीच सरतात, हे माझ्या पुस्तकात त्याच पानावर होतं. पुढच्या हिवाळ्यात तू गेलीस. लोकांनी कावीळ म्हटलं, मीही तेच म्हटलं. पुढं वर्षानुवर्षं हा धडा मी वर्गात शिकवला, तुझं उदाहरण एकदाही दिलं नाही.

आज गडचिरोलीच्या दवाखान्याच्या वाटेवर भाऊ म्हणाला, "तिथं आईचं नाव काढू नको. पोरीले सोयरीक येनार नाई."

"आधी पोरगी वाचू दे."

"तू मास्तरीनच राह्यली," तो म्हणाला. मी त्याला रागावले नाही. त्याची भीती इतकी वर्षं माझीही होती.

दवाखान्यात रक्त तपासून सिस्टरनं सिकलसेल सांगितला, आईबापांकडून मुलांत उतरणारा, तांबड्या पेशी फुटण्याचा तोच आजार. दुपारी नात तिच्या हवाली केली. सोबत चादर, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे. तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला होता? भाऊ खिडकीबाहेर पाहत होता.

"तपासणी झाली नव्हती," मी म्हटलं, "पण माझ्या आईला." तिनं ते लिहून घेतलं.