गमबुटाच्या आतला रंग

३ मार्च
नाही म्हणजे नाही! किडनीच्या डॉक्टरांना तोंडावर सांगून आले. किडनी आधीच अधू, आता भराभर चाललीय म्हणे — डायलिसिससाठी हाताच्या शिरेचं ऑपरेशन आत्ताच करून ठेवा. पुढच्या महिन्याची तारीखही देऊन टाकली. मला न विचारता! हात माझा आहे. याच हाताने मी कापड रंगवते.

५ मार्च
पिंढऱ्यांवर जांभळे ठिपके. डॉक्टरांनी परवा पाहिले होते. "रंगकाम करता ना? घासून धुवा." घासले. ढिम्म हलत नाहीत. आमच्या हौदाचा जांभळा पक्काच असतो, उगाच नाही गिऱ्हाइकं येत.

८ मार्च
सासूबाईंचं पुन्हा तेच. "पाय बघ कसे टम्म सुजलेत. हौद सोड आता." सोडते! स्वतः वयाची साठी उलटेपर्यंत कुणाला हौदाला हात लावू दिला नव्हता त्यांनी.

९ मार्च
पाय गमबुटात कोंबले आणि दिवसभर हौदाशी उभी राहिले. संध्याकाळी बूट निघेचनात. एक हे ओढतायत, दुसरा सासूबाई, मधे खुर्चीत मी — हसून हसून पोट दुखलं. बूट निघाले. ठिपके गुडघ्यापर्यंत चढले होते. सासूबाईंनी बूट उलटा केला, आत हात घालून पाहिला. स्वच्छ.
"अगं, आत रंग गेलाच कुठून?"
जन्म रंगात गेला, आणि दोघींनाही हे सुचू नये! भीती वाटली. खूप वाटली.

१० मार्च
डॉक्टरांपुढे दोन्ही पाय टेबलावर ठेवले. "हे गमबुटाच्या आतले आहेत. आता बोला." त्यांनी ठिपके दाबून पाहिले. "चुकलंच माझं," म्हणाले. मग रक्त, लघवी, किडनीचा तुकडा — सगळं तपासायला.

१८ मार्च
बारीक रक्तवाहिन्यांना सूज. दुर्मीळ आजार. किडनीचं जुनं दुखणं होतंच, त्याच्या आडोशाला हा लपून किडनी खात बसला होता. भारी औषधं, घरी बसायचं, गर्दीत जायचं नाही. हाताचं ऑपरेशन तेवढं पुढे ढकललं. "उरलेली किडनी वाचेल?" "बघू." बघू काय? वाचवायचीच!

२ एप्रिल
गोळ्यांनी तोंड फुगलंय. आरशाला जीभ दाखवली.

३० जून
पाय कोरे. किडनी होती तिथे थांबलीय. हाताचं ऑपरेशन तूर्त रद्द! थोडं थोडं काम करा, म्हणाले डॉक्टर. घरी आले ती सासूबाईंशी भांडायच्या तयारीनेच.
दारात नवे गमबूट. एका नंबराने मोठे.