पाईनवरचा उथळ क्रॉस

ती. साल्मेताईंना एल्मारचा वाकून नमस्कार. तुमचं मोडलेलं पाऊल प्लास्टरात गप्प बसलं असेल, अशी आशा आहे. (तुम्ही बसला नसाल, हे ठाऊक आहे.)

तुमच्या बहिणीला, माझ्या आस्ताला, शनिवारी पोचवलं. तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो. शवपेटी मीच केली. आस्ताला स्वयंपाकघरात कपाट हवं होतं, त्याच्या पाईनच्या फळ्या एकोणीस वर्षं माळ्यावर वाळत होत्या. ‘उद्या करतो’ म्हणण्यात मी एक दिवस खाडा केला नाही. रंधा मारताना रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही. पाईन मऊ, रंध्याला कुरकुरत नाही. वाईट त्या गाठी. गाठीतला चीक वीस वर्षांनीही ऊब मिळाली की पाझरतो, हे मी गावाला शिकवत आलो, आणि पेटी नेमकी पेटत्या चुलीशेजारी ठेवली. पाद्रीबुवांनी झाकणावर हात टेकून प्रार्थना म्हटली, आणि आमेन झालं तरी बाही काही सुटेना. शेजारचा आक्सेल म्हणाला, “आस्ताच्या घरून कॉफी न पिता कोण सुटलंय बुवा?” सगळे हसले. मीही हसलो, आणि ती हसते का ते बघायला सवयीनं मागं वळलो.

कबरस्तानाच्या वाटेवर रिवाजाप्रमाणे पाईनच्या झाडावर क्रॉस कोरायला थांबलो. मूलबाळ नाही, तेव्हा सुरी माझ्याच हाती. आक्सेल म्हणाला, “चाळीस वर्षं सुतारकी केलीस, आणि हे काय कोंबडीनं उकरल्यागत? खोल जाऊ दे की.” सुरी बोथट आहे म्हणालो. लोकांनी व्होडकाचा घोट घेतला आणि मला माफ केलं. तुमचा तार्मो येत्या रविवारी पटाशी घेऊन येतो नि क्रॉस नीट खोल करतो म्हणतो. मावशीवर फार जीव त्याचा.

पायाला जपा.

तुमचा,
एल्मार

ता. क. तार्मोला थांबवा. तो तुमच्या शब्दाबाहेर नाही.

आणखी एक ता. क. सुरी बोथट नव्हती. आदल्या दिवशी दोनदा धार लावली होती. घराकडे निघालेलं मेलेलं माणूस तो क्रॉस बघून मागं फिरतं, हे तुम्ही दोघी बहिणीच मला सांगायचात. उथळ घाव पाईन आपल्याच चिकानं एक-दोन उन्हाळ्यांत बुजवतो. चार फळ्या उरल्यात, तोवर मी कपाट करून ठेवतो. लहान झालं म्हणून ती बोलेल. बोलू दे.